जर्मनची भीती

आमच्या पेठेत भित्र्या माणसाचा निभाव लागत नाही. लोक हसून हसून त्याचा जीव नकोसा करतात. तरीही एक भित्रा माणूस आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा कितीतरी वर्षं कोच होता, आणि त्याला भित्रा म्हणायची कुणाची टाप नव्हती. कारण तो स्वतः खेळायचा तेव्हा समोरचे फॉरवर्ड त्याला बघून बाजू बदलून पळायचे. बाबालाल शिकलगार हे त्याचं नाव फक्त रेशनकार्डावर उरलं होतं. सगळं शहर त्याला जर्मन म्हणायचं. आम्ही खेळाडू तोंडावर चाचा म्हणायचो आणि पाठीमागं अरेतुरे करून जर्मन. आता तो नाही, तरी अहोजाहो काही जमत नाही.

तालमीचं नाव मी लिहीत नाही. समोरच्या तालमीचंही नाही. मला अजून कोल्हापुरात राहायचंय.

मी या संघाचा राखीव गोलकीपर. राखीव म्हणजे कायमचा राखीव. आमचा पहिला गोलकीपर इतका दणकट की त्याला साधं पडसंसुद्धा झालं नाही, त्यामुळं माझी सगळी कारकीर्द बाकावर गेली, जर्मनच्या शेजारी. मैदानावर काय झालं ते तुम्हाला पेठेतलं शेंबडं पोरही सांगेल. बाकावर काय झालं ते मात्र मलाच माहीत आहे.

मॅच सुरू झाली की जर्मन माझं मनगट धरायचा. त्याला ते कळतही नसावं. डोळे मैदानावर आणि हाताची पकड माझ्यावर. चेंडू मधल्या भागात असला की पकड ढिली, कॉर्नर मिळाला की घट्ट, आणि दोन खेळाडू एकाच चेंडूवर उडाले की माझ्या तोंडून आवाज निघायचा. आम्ही जिंकतोय की हरतोय याचा त्या पकडीशी काही संबंध नव्हता. घरी गेल्यावर आई मनगट बघायची आणि विचारायची, तू तर खेळला नाहीस, मग एवढं लागलं कुठं?

जर्मन हे नाव पडायला त्याचे घारे डोळे आणि गोरा रंग कारण होते, असं जुने लोक सांगतात. पण तेवढंच नाही. वर्ल्ड कप आला की आमच्याकडं गल्ल्या वाटल्या जातात. ही ब्राझीलची, ती अर्जेंटिनाची. घरांवर झेंडे चढतात, सख्खे भाऊ महिनाभर बोलत नाहीत. याच्या दुकानावर मात्र एकट्याचा जर्मनीचा झेंडा. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "ती माणसं गोल मारल्यावर नाचत बसत न्हायीत. आपापल्या जाग्यावर परत जात्यात." झालं. फुटबॉलवरचं त्याचं एवढंच तत्त्वज्ञान.

दुकान धार लावायचं होतं. शिंप्यांच्या कात्र्या, खाटकांचे सुरे, घरोघरच्या विळ्या. दिवसभर ठिणग्यांत बसणारा माणूस, पण कुणी पातं हातात घेऊन उगाच फिरवायला लागला की याचा चेहरा पांढरा पडायचा. "ठेव खाली," म्हणायचा, "ठेव की लेका."

तो खेळायचा तेव्हा स्टॉपर होता, गोलच्या पुढ्यात उभा राहून चेंडू अडवणारा. वरून आलेला चेंडू पायावर घेणं त्याला कमीपणाचं वाटायचं. डोकंच घालायचा. भुवयांच्या वर कपाळाला त्याचा घट्टा पडला होता, बोट लावलं तर टणक लागायचा. लोक कौतुकानं बोट लावून बघायचे. हा मात्र आतून घाबरलेला असायचा, हे मला फार उशिरा कळलं.

बाहेरच्यांना एक गोष्ट सांगायला हवी. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे. खाली कुस्तीचा हौदा, माडीवर फुटबॉलचे कप. गणपती तिथंच बसतो, मोहरमचा पंजाही तिथंच बसतो. त्यामुळं कुस्तीचा कायदा फुटबॉललाही लागला. पैलवान पाठ दाखवून हौद्यातून बाहेर येत नाही, मग फुटबॉल खेळणाऱ्यानं मैदानातून का यावं? लागलं तर हौद्यातली तांबडी माती लागलेल्या जागी चोळायची आणि परत आत. ही माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली असते, आणि तिच्यानं न बरं होणारं दुखणंच नाही अशी सगळ्यांची खात्री. मोठ्या मॅचला तिची पुडी बांधून मैदानावर न्यायचे. जर्मन कोच झाला आणि पहिलं काम त्यानं केलं ते ती पुडी बंद करण्याचं. यावर तालमीत मोठा दंगा झाला. वस्तादांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो ऐकून घेत राहिला, पण पुडी काही मैदानावर आली नाही.

कोच म्हणून त्याच्या तऱ्हा सांगाव्यात तेवढ्या थोड्या. सकाळी सरावाच्या आधी मैदानावर वाकून फिरायचा आणि खडे, काचा वेचून खिशात भरायचा. गोलच्या लोखंडी खांबांना जुन्या गाद्या गुंडाळायचा. कुणी सोपा गोल घालवला तर एक शब्द बोलायचा नाही. पण आपल्याच संघाचे दोघं न ओरडता एका चेंडूवर गेले तर मात्र तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, आणि तो पट्टा इथं लिहिण्यासारखा नाही. "जो जाईल त्यानं आपलं नाव घ्यायचं," असा नियम होता. त्यामुळं आमचा संघ खेळताना हजेरी चालल्यासारखं वाटायचं. समोरचे हसायचे.

सगळ्यात मोठी तऱ्हा म्हणजे मॅचच्या दिवशी सकाळी तो प्रत्येक खेळाडूच्या घरी जायचा आणि आदल्या रात्री जेवायला काय होतं ते घरातल्या बाईला विचारायचा. पुष्कळदा मीही बरोबर असायचो. आया कौतुकानं सांगायच्या, चहा पाजायच्या. सगळ्यांना वाटायचं, पोरांच्या खाण्यावर कोचचं किती लक्ष आहे. माझ्या आईनं तर त्याच्या धाकानं दर मॅचच्या आदल्या रात्री मला मुगाची आमटी घालायला सुरुवात केली. मी खेळणार नाही हे तिलाही माहीत होतं.

खरं कारण पुढं कळलं. मॅचमध्ये कुणाच्या डोक्याला लागलं की जर्मन धावत जायचा आणि त्या पोराला विचारायचा, काल रात्री काय जेवलास? उत्तर बरोबर आलं तर ठेवायचा, चुकलं तर बाहेर. एका मॅचला आमच्या लेफ्ट हाफला खांदा लागला, डोक्याला जेमतेम. तो म्हणाला, मिसळ. आई म्हणाली होती, दोडका. झालं, बाहेर. पोरगा रडकुंडीला आला. खरं असं होतं की दोडका ताटात तसाच ठेवून तो मित्रांबरोबर मिसळ हाणून आला होता, आणि सगळ्या स्टेडियमसमोर ते कबूल करेना. कबूल केलं असतं तर आई घरी वाट बघतच बसली असती. जर्मनला नंतर खरं कळलं तेव्हाही तो हसला नाही. म्हणाला, आता इथून पुढं बाहेरचं खाल्लं तर मला सांगून खात जा.

मी मात्र पोट धरून हसलो होतो. पुढं एक दिवस पेठ वडगावला मॅच खेळून आम्ही एसटीनं परत येत होतो. पोरं मागं गाणी म्हणत होती. तो खिडकीशी, मी शेजारी. बोलता बोलता मी त्या दोडक्याचा विषय काढला, आणि त्यानं मला दत्ताची गोष्ट सांगितली.

दत्ता त्याच्या वेळचा आमचा सेंटर फॉरवर्ड. दोघांची जिवाची मैत्री, ईदला दत्ता याच्याकडं आणि दिवाळीला हा दत्ताकडं. एका मॅचला शेवटी शेवटी आमच्या गोलसमोर चेंडू वर उडाला आणि मागं धावत आलेला दत्ता आणि हा, दोघं एकाच वेळी त्यावर गेले. कुणीच ओरडलं नाही. डोक्यावर डोकं आपटलं. दोघंही पडले, दोघांच्याही कपाळाला माती चोळली, दोघंही म्हणाले मी बरा हाय, आणि दोघंही परत खेळायला उभे राहिले. पुढं दत्तानंच गोल मारला. मिरवणूक निघाली, हलगी, गुलाल. दत्ता लोकांच्या खांद्यावर. नाचता नाचता त्याची मान एका बाजूला पडली. लोकांना वाटलं, आनंदानं झिंगलाय. तसाच त्याला तालमीपर्यंत नाचवत आणला.

"खाली उतरवला तवा तोंडातनं फेस येत हुता," जर्मन म्हणाला. "दवाखान्यात गेला, पण पुन्हा डोळं उघडलंच न्हायीत."

मागं पोरांचं गाणं चाललंच होतं. मग तो कपाळावरच्या घट्ट्याला हात लावून म्हणाला, "दोघांचं डोस्कं एकाच जाग्याला आपटलं. त्यो गेला. माझं कवा, ते बघत बसलोय."

त्या दिवसापासून ती भीती मलाही लागली. बाकावर बसल्यावर मनगटाची पकड घट्ट झाली की मीही अर्धा उठून उभा राहायचो. आधी मी गोल बघायचो. नंतर मी पडलेला माणूस उठतोय का तेवढंच बघायला लागलो. ही भीती मला त्यानं दिली, आणि त्याबद्दल मी त्याच्यावर मनातून चिडलोही होतो. फुटबॉल बघण्यातली मजाच गेली.

मग ती फायनल आली. कप पेठेत येऊन इतकी वर्षं झाली होती की कप घेऊन नाचलेल्या पोरांची पोरं आता संघात होती. समोर तीच तालीम, आमची पिढीजात वैरी. आठवडाभर मोबाईलवर दोन्ही बाजूंनी स्टेटस पडत होते, जिंकल्यावर काय करू आणि हरल्यावर कुणाला सोडणार नाही याचे. पोलिसांनी तालमीत येऊन समज दिली. त्या आठवड्यात जर्मननं मैदानावरून एवढे खडे वेचले की खिसा फाटला.

आमची सगळी मदार संग्रामवर होती. शाहूवाडीकडचा पोरगा, घरची भातशेती, शिकायला म्हणून पेठेतल्या मामाकडं राहायला आलेला. असला फॉरवर्ड पेठेनं बघितला नव्हता. गोव्याच्या एका क्लबचा माणूस त्या दिवशी त्याला बघायला स्टँडमध्ये बसला होता, आणि ही गोष्ट स्टेडियममधल्या प्रत्येकाला ठाऊक होती. सकाळी संग्रामच्या मामीनं आम्हाला चहा दिला आणि सांगितलं, काल पावट्याची आमटी आणि भात.

मॅच संपत आली तरी गोल नव्हता. आम्हाला कॉर्नर मिळाला. संग्राम उडाला, त्यांचा स्टॉपरही उडाला आणि त्याचं डोकं संग्रामच्या कानशिलावर बसलं. संग्राम कोसळला. भरलेलं स्टेडियम एकदम गप्प झालं. जर्मन धावत आत गेला. मी बाकावरून बघत होतो. संग्राम उठून बसला, पाणी प्याला, उभा राहिला. जर्मननं विचारलेलं मला ऐकू आलं नाही, पण संग्रामचं उत्तर सगळ्या बाकानं ऐकलं, कारण तो वैतागून मोठ्यानं बोलला. "पावट्याची आमटी, चाचा. आन् भात. सोडा की आता."

उत्तर बरोबर होतं. जर्मन परत आला, बसला आणि त्यानं माझं मनगट धरलं. खेळ सुरू झाला. स्टँडमध्ये पुन्हा हलगी वाजायला लागली. जर्मन हळूच म्हणाला, "त्यानं बुटाची नाडी बांधली, बघितलीस?"

मी म्हणालो, बघितली. त्यात काय?

"बांधलेली हुती. सोडली आन् परत बांधली. परत सोडली."

मी म्हटलं, फायनल आहे चाचा, पोरगं बावरलंय, दुसरं काही नाही. तो म्हणाला, व्हय, तसंबी आसंल. आणि उठून त्यानं संग्रामचा नंबर बदलीसाठी दिला.

तालमीचे अध्यक्ष आबा आमच्या मागंच उभे होते. ते तरातरा पुढं आले. वय झालेला, वजनदार माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चिरकला. ते म्हणाले, पोरगं बरं हाय, सगळ्यांना दिसतंय.

"मलाबी दिसतंय, आबा," जर्मन म्हणाला.

"मग का काढतोस?"

"मला भ्या वाटतंय."

हे तो हळू बोलला असता तर कदाचित पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण तो मोठ्यानं बोलला. मागच्या रांगांनी ऐकलं, तिथून वर गेलं, आणि क्षणात सगळ्या स्टँडला कळलं की फायनलला आपला कोच भ्यालाय. शिव्या सुरू झाल्या. इकडं संग्राम बाहेर यायला तयार होईना. त्यानं पाठ फिरवली आणि दोन्ही हात हलवून नाही म्हणाला. लोकांनी त्याच्या नावाचा जयघोष केला. तेव्हा जर्मन स्वतः मैदानात गेला. पंच ओरडत होते, त्यांनी याला कार्ड दाखवलं. यानं तिकडं बघितलंही नाही. संग्रामचा दंड धरला आणि त्याला बाहेर आणला. संग्राम रडत होता. स्टँडमधले लोक आता काय करतील याची मला भीती वाटत होती आणि संग्राम मान टाकतोय का, याचीही.

आम्ही एका गोलनं हरलो. बाटल्या आल्या, खुर्च्या आल्या. पोलिसांनी आम्हाला मागच्या दारानं गाडीत घातलं. गाडीत जर्मन संग्रामला स्वतःला टेकून बसवत होता आणि संग्राम त्याचा हात झटकत होता. सरळ दवाखान्यात गेलो. डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, काही नाही, सगळं ठीक आहे.

जर्मनला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. त्यानं मान हलवली आणि बाकड्यावर बसून राहिला. उलट त्या ठीक आलेल्या फोटोनंच त्याचा घात केला. पोराला काही झालं असतं तर लोक गप्प बसले असते. काही झालं नाही म्हटल्यावर जर्मन विकला गेला, असं सगळी पेठ म्हणायला लागली. त्याच्या दुकानाच्या शटरवर कुणीतरी डांबर ओतलं. त्याची बायको, रशीदाचाची, बाजारात गेली तर बायका बोलेनात. तालमीनं त्याला बोलावून सांगितलं की उद्यापासून येऊ नका. ज्या तालमीत त्याच्या बापानं पंजा उचलला होता, तिथून हा आपली चप्पल घालून निघून आला. काही दिवस दोघं हुपरीला लेकीकडं जाऊन राहिली. जावई चांदीचं काम करतो, घरभर पैंजणांचा आवाज, पण याला तिथं करमेना. परत आला. डांबर खरवडून पुन्हा दुकान उघडलं.

गोव्याचा माणूस त्याच संध्याकाळी निघून गेला होता. तो पुन्हा आला नाही.

संग्राम दुकानात आला तेव्हा मी तिथंच होतो. घरच्या विळीला धार लावून घ्यायला बसलो होतो. तो आत आला नाही, उंबऱ्यावर उभा राहिला. त्यानं आधी जर्मनला दोनचार शब्द सुनावले, ते मी सोडून देतो. त्याचं वय तसं होतं आणि त्याचं नुकसानही तसंच होतं. मग म्हणाला, "फोटो चांगला आला. मला कायबी झालं नव्हतं. मी खेळलो असतो तर काय झालं असतं, एवढंच सांगा चाचा."

जर्मननं चाक थांबवलं. "कायबी झालं नसतं, आसं तुला वाटतंय?"

"व्हय."

"आसंल तसंबी. मला ठावं न्हाय, तुला ठावं न्हाय, डागदरलाबी न्हाय." मग त्यानं हातातली विळी खाली ठेवली. "दत्ताचं काय झालं ते मला ठावं हाय. तुझं काय झालं असतं ते मला कळायला नगं हुतं. म्हणूनच काढला."

संग्रामनं माफी मागितली नाही, पाया पडला नाही. निघून गेला. तो अजून खेळतो, आमच्याच तालमीकडून. चांगला खेळतो. गोवा मात्र राहिलं ते राहिलंच. जर्मननं चाक पुन्हा सुरू केलं, आणि मला म्हणाला, लांब सरक.

त्यानंतर तो स्टेडियमच्या आत कधी गेला नाही. पण मॅच असली की बाहेर गेटाशी, वॉचमनच्या स्टुलाशेजारी उकिडवा बसायचा आणि आतला आवाज ऐकायचा. गोल झाला की वॉचमन त्याला सांगायचा. हा ऐकून घ्यायचा, बस्स.

गेल्या हंगामात मी त्याला शेवटचा बघितला. मीही खेळणं सोडलंय, तिकीट काढून बघतो. आमची त्याच वैरी तालमीशी मॅच होती आणि मला उशीर झाला होता. गेटाशी तो दिसला म्हणून थांबलो. फार वाळला होता. तेवढ्यात आतला आवाज बंद पडला. एकदम. जर्मन उभा राहिला. वॉचमन आत डोकावून आला आणि म्हणाला, पडलं कोणतरी, डोक्यावर पडलं, पण उठलं. आतला आवाज पुन्हा सुरू झाला.

"बाहेर आलं काय पोरगं?" जर्मननं विचारलं.

वॉचमन म्हणाला, न्हाय, खेळतंय की.

जर्मन आत निघाला. मी मागं धावलो. तो आमच्याच पेठेच्या स्टँडमधून खाली गेला, ज्यांनी त्याच्या शटरवर डांबर ओतलं त्या लोकांमधून. काहींनी ओळखलं, कुणी काहीतरी बोललं. तो जाळीपाशी गेला आणि दोन्ही हातांनी जाळी धरून समोरच्या तालमीच्या बाकाकडं ओरडायला लागला. पडलेला पोरगा त्यांचा होता, आमचा नव्हता. "बाहेर घ्या त्याला. घ्या बाहेर." आमचे लोक हसायला लागले. त्यांचा कोच आधी हात झटकून वळला. हा ओरडतच राहिला. त्यांचा कोच पुन्हा वळला आणि थोडा वेळ याच्याकडं बघत उभा राहिला. मग त्यानं आपल्या पोराला हाक मारली आणि बदली मागितली.

पोरगा शिव्या देत बाहेर आला, बाकावर बसला, पाणी प्याला. मी जर्मनला म्हणालो, चला चाचा, झालं. त्याला जाळी सोडता येईना. बोटं आवळून बसली होती. मी एकेक बोट सोडवलं आणि त्याला बाहेर आणला. रिक्षा करतो म्हणालो तर नको म्हणाला. भिंतीला हात लावत लावत चालत गेला. कोण पुढं आहे, एवढंसुद्धा त्यानं विचारलं नाही.